सुमनताईंची बारीक पानाची करवी

करवी फुलली की घाटमाथ्यावरून फोन येतो. गेल्या भाद्रपदात तो सुमनताईंना आला आणि सुमनताईंनी लगेच मला केला. "मंदा, फुलली गं," एवढंच त्या म्हणाल्या. मी तेव्हा डाळीला फोडणी घालत होते. फोडणी करपली, तरी मी कुणावर ओरडले नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरूनच प्रसंगाचं मोल कळेल.

ज्यांनी करवी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर वाढणारं हे झुडूप. सरळ काठ्या, दातेरी खरखरीत पानं. डोंगरातल्या घरांचे कूड याच काठ्यांचे असतात, वरून शेणामातीनं लिंपलेले. वर्षानुवर्षं ते नुसतं पानांवर काढतं आणि सात वर्षांनी एकदा सगळं रान मिळून निळंजांभळं फुलतं. मग बी धरतं आणि मरून जातं. ज्याला तिची फुलं बघायची त्याला वाट बघता आली पाहिजे, आणि हा गुण माझ्यात नावालाही नाही.

सुमनताईंत तो आहे. त्यांनी मला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि पुढं त्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी निवृत्तीपर्यंत बसले. चाळीसेक वर्षांपूर्वी रायरेश्वराच्या पठारावर, अगदी पश्चिमेच्या कड्याला, त्यांना एक वेगळी करवी दिसली. बुटकी, गच्च फांद्यांची, पानं बोटभर आणि लवेनं पांढुरकी, फुलांचे तुरे आखूड. खाली दरीतली करवी दीड पुरुष उंच, तिचं पान तळहाताहून मोठं. ताईंना वाटलं, ही नुसती खुरटलेली करवी नव्हे, ही जातच निराळी आहे. त्यांनी ते विभागात सांगितलं आणि तिथल्या थोरामोठ्यांनी हसण्यावारी नेलं. मग स्टाफरूममध्ये ती म्हणच पडली. बढती कधी होणार, तर सुमनताईंची करवी ठरेल तेव्हा. ताईसुद्धा हसायच्या. पण खात्री होईपर्यंत त्यांनी त्यावर एक ओळ छापली नाही, आणि खात्री होण्याचा रस्ता एकच होता. दोन्ही करवींचं बी एकाच मातीत, एकाच पावसात शेजारी शेजारी लावायचं आणि फुलायची वाट बघायची. बारीक पानाची तिथंही बारीकच राहिली, तर जात वेगळी. मोठी झाली, तर तो नुसता वाऱ्याचा प्रताप.

मागच्या फुलोऱ्याचं बी त्यांनी जमवलं आणि वेल्हे तालुक्यात केळदच्या अंगाला एका वाडीवर भागाबाई म्हणून आहेत, त्यांच्या परसात दोन ओळींत लावलं. भागाबाईंच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या सहली त्या घरी उतरत. पहिली दोन वर्षं ताई जाऊन आल्या, पण तेव्हा रोपं वीतभर, त्यांच्या पानांवरून काही ठरत नाही. मग गुडघे गेले, मागोमाग डोळ्यांत दोष निघाला. उरला फोन. दर पावसाळ्यात ताई विचारायच्या आणि भागाबाई सांगायच्या, "सगळी हायेत ताई, एक बी जागा मोकळी न्हाई." ताई मला कौतुकानं सांगत, "एक रोप मेलं नाही, मंदा." चाळीस वर्षं झाडं वाढवलेल्या आम्हा दोघींना यात काही खटकलं नाही, याचं मला आता हसू येतं.

ताई आता अठ्ठ्याहत्तरच्या. पुढच्या फुलोऱ्याची गोष्ट आमच्यापैकी कुणी काढली नाही. मी गाडीत पेट्रोल भरलं आणि आम्ही निघालो.

विंझरच्या पुढं

गाडी मीच चालवते. ताई शेजारी बसून मांडीवर रद्दी पेपरांचा गठ्ठा धरतात. झाडं दाबून वाळवायला रद्दी लागते. त्यातला एखादा जुना पेपर काढून त्या भिंग लावून मोठ्यांदा वाचतात, त्यामुळे आमच्या प्रवासात बातम्या नेहमी दोन वर्षं शिळ्या असतात.

नसरापूर सोडलं आणि दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं सुरू झाली. विंझरला चहाला थांबलो. दुकानदार मनमोकळा होता. गाडीची काच खाली होते न होते तोच त्यानं विचारलं, "कुटं, तोरण्याला निघाला व्हय?" आमच्या दोघींची वयं बघता हा प्रश्न विचारणाऱ्याचा मी आदरच करते. म्हटलं, करवी बघायला निघालोय.

"करवी काय बगायची त्यात? कुडाला असती की ती."

"फुललीय ना यंदा."

"मंग मधाला जावा. करवीच्या सालचा मध लई झ्याक. नुसती फुलं बगून पोट भरतंय व्हय?" असं म्हणत त्यानं न मागता दोन वडे पुढं ठेवले. ते इतके गरम होते की ताईंनी पदराच्या टोकात धरून खाल्ले. पुण्यात माझ्या ओळखीच्या हॉटेलात वडा मागितला तर आधी कुपन घ्या म्हणतात. इथं आधी पोटात गेला, पैशांचं मागाहून निघताना आठवलं, तेही मलाच.

वेल्हं गेलं, घाट चढलो आणि पहिल्या वळणावर करवी दिसली. दिसली म्हणजे काय, डोंगराचा अख्खा उतार तिनं व्यापला होता. मी गाडी कडेला घेतली. ताईंना लांबचं धूसर दिसतं. त्या काच खाली करून नुसत्या बघत बसल्या, मग म्हणाल्या, "मला रंग दिसतोय. फुलं दिसत नाहीत, पण रंग दिसतोय." मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी मनातल्या मनात डोंगराचे, डोळ्यांच्या डॉक्टरांचे आणि गाडीच्या ब्रेकचेही आभार मानले.

केळदची वाडी

वाडी म्हणजे चार घरं, गोठे आणि चोहीकडं नाचणी. भागाबाई वाटेपर्यंत सामोऱ्या आल्या. चाळिशी ओलांडलेली, काटक बाई, हातात कोयता, कारण त्या निम्म्या कामातून उठून आल्या होत्या. त्यांनी ताईंचा हात धरला आणि घरी न नेता थेट परसाकडं नेलं. इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू मालकिणीला कधी एकदा दाखवते असं त्यांना झालं होतं.

परसात दोन्ही ओळी उभ्या होत्या. एकेक झाड भागाबाईंच्या डोक्याच्याही वर गेलेलं, मोठमोठ्या पानांचं, फुलांनी लगडलेलं. डावी ओळ दरीतल्या बियांची, उजवी रायरेश्वरच्या. आणि दोन्हींत काडीचाही फरक नव्हता.

ताई उजव्या ओळीजवळ गेल्या. पहिल्या झाडाचं पान त्यांनी बोटांनी चाचपलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. शेवटपर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी भागाबाईंना म्हटलं, "कमाल आहे तुमची. इतक्या वर्षांत एकही रोप मेलं नाही."

"मेली की," भागाबाई म्हणाल्या. "पैल्या उन्हाळ्यातच लई मेली. मंग पावसात म्या नांगं भरलं."

नांगे भरणं हे भात लावणाऱ्यांना सांगायला नको. लावणी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी बाया पुन्हा खाचरात उतरतात आणि जिथं रोप जगलं नाही त्या रिकाम्या जागेत दुसरं खोवतात. ओळीत नांगा, म्हणजे मोकळी जागा, राहिली तर ती घरच्या बाईच्या आळसाची खूण. आमच्या सोसायटीच्या बागेत झाड मेलं तर त्याजागी दुसरं लावायला दोन सभा आणि एक भांडण लागतं. इथं बाईचा हात आपोआप जातो.

"कुठलं रोप आणून भरलंत?" मी विचारलं.

"हितलंच. वरच्या रानातलं. करवीच ना ती बी?"

"दोन्ही ओळींत?"

"व्हय."

"आणि मूळची कुठली, भरलेली कुठली?"

"आता ते कसं सांगू? सारखीच की समदी," त्या म्हणाल्या. मग त्यांचं ताईंकडं लक्ष गेलं. ताईंनी ओळीतली काठी धरून ठेवली होती. भागाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की ताईंना दोन प्रकारच्या करवींची तुलना करायची होती, आणि त्यात रिकाम्या जागा रिकाम्याच राहायला हव्या होत्या. आम्ही ते आधी सांगितलं नव्हतं. एखादी बाई आपल्या परसात नांगा तसाच सोडणार नाही, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भागाबाईंच्या हातातला कोयता खाली गेला. "म्हंजी म्या तुमचं काम नासवलं," त्या म्हणाल्या.

"असू दे गं," ताई म्हणाल्या. "तू सांभाळलंस हेच पुष्कळ." पण त्यांचा आवाज त्यांच्या ताब्यात नव्हता आणि भागाबाई काही बहिऱ्या नव्हत्या.

जेवण सुरेख होतं. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, म्हशीचं असं घट्ट दही की वाटी उलटी केली तरी पडू नये. ते आम्हा दोघींनाच वाढलं होतं. भागाबाई चुलीपाशी तोंड फिरवून बसल्या आणि मागाहून जेवते म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनी, धोंडिबांनी, मला ओसरीवर हळूच सांगितलं, "जेवायची न्हाई ती. बैल मेला तवा बी अशीच बसली हुती." सकाळी निघताना त्यांनी डब्यात दही भरून दिलं, पण मान वर करून बघितलं नाही.

भोर

केळदहून भोरला यायचं तर पुन्हा नसरापुरापर्यंत उतरून दुसऱ्या वाटेनं वर चढावं लागतं. वाटेत भाटघरचं धरण तुडुंब दिसलं. एरवी ताईंनी तिथं थांबून पाण्याकाठचं गवत बघितलं असतं. त्या दिवशी त्यांनी पेपरही वाचला नाही.

भोरला एका खाणावळीच्या वर खोली मिळाली. मी बुटांतला चिखल काढत बसले आणि ताई खिडकीशी. मी म्हटलं, अजून सगळं गेलं नाही. उद्या रायरेश्वरावर जाऊ. मूळची बारीक पानाची तिथं फुललेली असेलच. तिची फुलं, तुरे, लव, सगळं नीट बघू. फुलांतच फरक निघाला तर ओळी नसल्या तरी चालेल.

"पठारावर जायची शिडी मी चढू शकत नाही."

"मी चढते."

"तू मला बरं वाटावं म्हणून काहीतरी घेऊन खाली येशील."

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, ताई, तुम्हीच मला शिकवलंय की जे झाडावर नाही ते कागदावर लिहायचं नाही. आता तुम्हीच माझ्यावर संशय घ्या.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मला नाव द्यायची हौस नाही गं. होती, ती गेली. मला फक्त कळायला हवंय. इतकी वर्षं एका झुडपाशी बोलले आणि ते काय म्हणत होतं हे न कळताच जायचं, हे काही बरं नाही."

रायरेश्वर

खिंडीपर्यंत गाडी जाते. तिथं ताडपत्रीखाली चहाची टपरी आहे. ती चालवणारे तात्या साठीचे, डोक्याला फडकं, बोलायला रसाळ. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, पायांवर घोंगडी टाकली आणि मला म्हणाले, "मावशींची चिंता करू नका. त्या आन् मी पावसावर बोलत बसतो. तुमी तेवडी शिडी धरून चढा, वलीय."

शिडी लोखंडी, ओली आणि धुक्यात वरचं टोक नसलेली. मी देवाचं नाव फारसं घेत नाही, तिथं मात्र सगळ्या देवांची ओळख काढली. वर पोचले आणि उजव्या बुटाचा तळ जिभेसारखा सुटून लोंबायला लागला. झाडं बांधायला आणलेली सुतळी होती, तिनं बूट बांधला. माझी जी काही ऐट होती ती पठारावरच्या गुरांनी बघितली.

देवळाच्या अंगानं पश्चिमेला चालत गेले. धुकं इतकं की समोरची म्हैस आधी ऐकू यायची, मग दिसायची. सोनकीची पिवळी फुलं सगळीकडं. मग जमीन संपत आल्याचं वाऱ्यावरून कळलं आणि कड्याशी ती दिसली. सुमनताईंची करवी. कमरेइतकी, गच्च, लवेनं पांढुरकी, आखूड तुऱ्यांची, आणि त्या तुऱ्यांतून फिकी निळी फुलं उमललेली. ताईंनी इतक्या वेळा वर्णन केली होती की मला ती अनोळखी वाटलीच नाही. मी एका मोठ्या झुडपापाशी गुडघ्यांवर बसले आणि मला रडू आलं. ताईंचंच खरं निघणार असं वाटून आलं, हे कबूल करते.

मग कामाला लागले. कड्याच्या कडेनं एकेक झुडूप बघत गेले. सगळी बारीक पानाची. मनात एकीकडं बेत चालले होते, ताईंना काय सांगायचं, कसं सांगायचं. असं करत एका फुटक्या कातळापाशी आले. कातळाला रुंद भेग होती, त्यात माती साठलेली, आणि भेगेतून करवी वर आलेली. वाऱ्यात आलेल्या फांद्यांना बारीक पांढुरकी पानं, आखूड तुरे. आणि भेगेच्या आत, आडोशाला, वाकून बघितलं तर तळहाताएवढी हिरवीगार पानं आणि लांब तुरे. अगदी भागाबाईंच्या परसातल्यासारखे.

मी स्वतःला सांगितलं, दोन झाडं आहेत. शेजारी शेजारी रुजलेली, गुंतलेली. असं होतं. मी पोटावर झोपले, भेगेत हात घातला आणि मोठ्या पानाच्या फांदीवरून खाली चाचपत गेले. मग बारीक पानाच्या फांदीवरून. दोन्ही वेळा हात एकाच जाड खोडाशी पोचला. पुन्हा केलं. नखांनी माती उकरली, खोडाच्या बुडाशी चारी बाजूंनी बोटं फिरवली. मूळ एकच होतं. याच वेळी एका मधमाशीनं माझ्या अंगठ्याला दंश केला आणि मला जी काही शिवीगाळ करायची होती ती मी तिच्या नावावर केली.

तिथं बराच वेळ बसले. धुकं मधूनच उघडलं की खाली कोकणाकडची दरी दिसायची. ही भेग मला दिसली नसती तर बरं झालं असतं, असं वाटलं. वरची बारीक पानं तेवढी खुडून नेली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. ताई सुखानं घरी गेल्या असत्या. पण ताईंनी मला एवढ्यासाठीच वर पाठवलं होतं ना? मी कात्री काढली आणि जिथून दोन्ही फांद्या फुटल्या होत्या त्याच्या खाली कापलं. कातर चालवताना ताईंची माफी मागितली, करवीचीही.

खिंड

तात्यांनी आधी माझ्या अंगठ्याला चुना लावला. चहाचा पेला हातात दिला. ताई घोंगडीत बसल्या होत्या. मी ती दुबेळकी फांदी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी भिंग काढलं नाही. आधी बोटांनी बारीक पानं चाचपली, लव बघितली, तुरा चुरगळून वास घेतला. "हीच," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. मग हात दुसऱ्या बाजूला गेला आणि मोठं पान लागलं. त्या थांबल्या. मोठ्या पानावरून बोट देठाकडं आलं, देठावरून काठीवर, काठीवरून खाली, दोन्ही फांद्या फुटतात त्या बेळक्यापर्यंत, आणि तिथून दुसऱ्या बाजूनं वर बारीक पानांपर्यंत गेलं. त्यांनी हे सावकाश, तीन-चारदा केलं.

"मुळापर्यंत बघितलंस?"

"बघितलं."

"हातानं?"

मी माझी नखं त्यांच्या हातात दिली. लाल मातीनं भरलेली होती. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली, माझ्या लहानपणी आई पुसायची तशी.

"एकच आहे," ताई म्हणाल्या.

"हो, ताई."

त्यांनी चहा मागितला आणि पूर्ण प्यायला. मी वाट बघत होते की त्या रडतील, किंवा वाद घालतील, किंवा म्हणतील एका झाडानं काय होतं. त्यांनी फांदी पेपरांत नीट पसरली, दोन्ही बाजू दिसतील अशी, आणि गठ्ठा सुतळीनं बांधायला सांगितला. सुतळी बुटाला होती. तात्यांनी दुसरी दिली.

"चल, गाडी काढ. केळदला जायचंय."

"आत्ता? ताई, ते कुठल्या कुठं. आधी घरी जाऊ, फोन करून सांगू."

"ती जेवली नसेल, मंदा," ताई म्हणाल्या. "माझ्या दोन करवी नव्हत्याच. मग तिनं नासवलं काय? ओळी सारख्या आल्या त्या सारख्याच यायला हव्या होत्या. तिनं भरल्या काय न भरल्या काय. हे फोनवर सांगायचं?"

चाळीस वर्षांचं म्हणणं खोटं ठरून अर्धा तास झाला नव्हता आणि या बाईला दुसरीच्या जेवणाची पडली होती. अशा माणसाच्या शेजारच्या टेबलावर मला आयुष्य काढायला मिळालं. मी गाडी काढली.

पुन्हा केळद

ऊन उतरताना पोचलो. भागाबाई नाचणीतून धावत आल्या. काही वाईट झालं असंच त्यांना वाटलं. ताईंनी ओसरीवर बसून रद्दीचा गठ्ठा सोडला आणि फांदी त्यांच्या हातात दिली. "बघ. पान बारीक, पान मोठं. झाड एक. वाऱ्यात वाढली तर अशी होते, आडोशाला वाढली तर अशी. तुझ्या परसात आडोसा आहे, म्हणून सगळी मोठी झाली. कुठलीही लाव, मोठीच होणार. तुझं काही चुकलं नाही."

भागाबाईंनी फांदी उलटीपालटी केली. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"म्हंजी चूक माजी न्हाई?"

"नाही."

"मंग कुनाची?"

"माझी," सुमनताई म्हणाल्या.

भागाबाई गोंधळल्या. एवढी शिकलेली, वयानं मोठी बाई आपल्याला समजावायला खोटं बोलते आहे की काय, असा त्यांना संशय आला. "किती साल तुमी आसं समजून हुता?"

"चाळीस."

भागाबाईंनी पदर तोंडाला लावला. पण हसू पदरात मावेना. ताईंनी ते बघितलं आणि त्या स्वतःच हसायला लागल्या, आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धोंडिबा गोठ्यातून डोकावून बघू लागले, बायकांना काय झालं म्हणून.

"बसा," भागाबाई म्हणाल्या. "भाकऱ्या टाकते. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

यावेळी त्यांनी चार पानं मांडली. भाकरी मोडताना त्या ताईंना म्हणाल्या, "बी धरलं की ही समदी मरत्याल ना?"

"मरतील."

"मंग फुडल्या पावसाला लावू का पुन्यांदा? ह्या खेपंला मोकळी जागा तशीच ठेवीन. हातबी लावायची न्हाई."

ताईंच्या हातातला घास थांबला. पुढचा फुलोरा कधी, हे त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"लाव," त्या म्हणाल्या. "आणि एखादं मेलं तर खुशाल दुसरं भर." मग त्यांनी भागाबाईंच्या पानात स्वतःच्या हातानं दही वाढलं.